पार्किंगमधल्या एका प्लगसाठी

पुणे शहरातल्या समस्त सहकारी गृहनिर्माण संस्थांचे माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,



पत्रास कारण की, विजेची स्कूटर घेऊ का, परवडते का, असं विचारणारा माणूस हल्ली आठवड्याआड कुठेतरी भेटतोच. कधी ऑफिसात, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी सिग्नलला शेजारी थांबलेला. मी त्याला बॅटरी किती किलोवॉट-अवरची ते सांगत बसत नाही. उलट विचारतो, "तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कसे आहेत?" त्याला वाटतं मी थट्टा करतोय. पण या गाडीच्या परवडण्याचा निकाल शेवटी तुमच्या मासिक सभेत लागतो, आणि बहुतेक वेळा तो "पुढच्या सभेत पाहू" असाच लागतो. म्हणून हे पत्र गाड्या बनवणाऱ्यांना न धाडता तुम्हाला धाडतो आहे.

तुम्ही हे काम बिनपगारी करता, याची मला जाणीव आहे. टाकीचा व्हॉल्व्ह, लिफ्टचा करार, तिसऱ्या मजल्यावरची गळती आणि ती नेमकी कोणाच्या न्हाणीघरातून येते यावरची भांडणं, हे सगळं तुमच्याच डोक्यावर. त्यात आणखी एक कटकट घेऊन मी आलो, याबद्दल आधीच क्षमा मागतो आणि मुद्द्याला येतो.

आधी हिशेब, कारण खजिनदारांना तोच आवडतो. वारज्याहून हिंजवडीला कामाला जाणारा माणूस धरा. जाऊन-येऊन रोजचे तीसेक किलोमीटर. पुण्यात पेट्रोल लिटरमागे शंभरी ओलांडून काही वर्षं झाली. गर्दीत ४५ चा ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरला या अंतराला साधारण दोन तृतीयांश लिटर लागतं, म्हणजे सत्तर रुपये. विजेची स्कूटर किलोमीटरला तीसेक वॉट-अवर खाते. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून दिवसाला सव्वा युनिट लिहा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी वरचे. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार मिळवून पंधरा रुपयांचं धरलं तरी दिवसाचा खर्च वीसच्या आत राहतो. रोजचे पन्नास वाचले, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे साडेबाराशे, वर्षाचे पंधरा हजार. शिवाय ऑइल बदलणं नाही, स्पार्क प्लग नाही. टायर आणि ब्रेक मात्र पेट्रोलच्या गाडीसारखेच झिजतात, कोणी काहीही सांगो.

आता दुसरी बाजू. ही गाडी घेताना तीस-चाळीस हजार जास्त मोजले असतील, तर ते फिटायला दोन ते पावणेतीन वर्षं लागतात. हा फरक एकेकाळी सरकार भरून काढत होतं. जून २०२१ मध्ये 'फेम-२' योजनेत किलोवॉट-अवरमागे १५ हजारांचं अनुदान होतं. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आलं, एप्रिल २०२४ पासून ५ हजारांवर, आणि त्यानंतरच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत दुसऱ्या वर्षी त्याचेही निम्मे झाले. तिकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या स्कूटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला, विजेच्या गाडीवरचा ५ टक्के होता तिथेच राहिला. म्हणजे आता ही गाडी स्वतःच्या बचतीवरच उभी राहायला हवी.

आणि ती सगळ्यांसाठी उभी राहत नाही. कर्वेनगरातून डेक्कनपर्यंत जाऊन येणाऱ्या, दिवसाला आठ-दहा किलोमीटर फिरणाऱ्या माणसाची वर्षाची बचत पाच हजारांच्या आसपास. गाडीची जास्तीची किंमत वसूल होईपर्यंत बॅटरीची हमी संपलेली किंवा संपायला आलेली असते, आणि नवी बॅटरी पन्नास हजारांच्या पुढे. त्याने हौस म्हणून घ्यावी, फायदा म्हणून नाही. जो माणूस दर शनिवारी भोर-वाईकडे गावी जातो, त्यालाही मी दोनदा विचार करायला सांगतो. माहितीपत्रकातला किलोमीटरचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. ती चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय ही आपल्याच कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे, पण मागे माणूस बसवून चांदणी चौक चढताना चाचणीतला आकडा काही कामाचा नसतो. १२० छापलेले असले की रस्त्यावर ८५-९० मिळतील असं धरून चालावं. दुरुस्तीचा अनुभव तर कंपनीगणिक वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या कंपनीला दहा हजारांहून जास्त तक्रारींवरून नोटीस धाडली होती. पण तो राग तुमच्यावर काढायचं कारण नाही.

तरीही रोज पंचवीस-तीस किलोमीटर ठरलेल्या रस्त्याने जाणाऱ्या नोकरदाराला ही गाडी परवडते, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पुणं अशा माणसांनी भरलेलं आहे. फक्त वरच्या सगळ्या बेरजेत मी एक गोष्ट गुपचूप धरून चाललो: रात्री गाडी जिथे उभी असते, तिथे एक प्लग आहे. तो नसला की बेरीज कोसळते. बाहेरच्या चार्जरवर युनिट महाग पडतं. तिथे संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर उभं राहावं लागतं. एका कंपनीचा प्लग दुसरीच्या गाडीला लागेलच असं नाही. हलक्या वाहनांसाठी देशी बनावटीच्या कनेक्टरला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्यता दिली, पण तो सगळ्यांनी वापरायला हवा असं बंधन नाही. माझी स्वतःची गाडी ऑफिसच्या आवारात चार्ज होते, तीही सुरक्षारक्षकाच्या मेहेरबानीवर. रविवारी कुठे जायचं हे आमच्या घरात बायको-मुलं ठरवत नाहीत, शुक्रवारी किती टक्के उरले होते ते ठरवतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार 'सोसायटीच्या विजे'बद्दलची. कोणी पार्किंगमधल्या सॉकेटला चार्जर लावला की वॉचमन धावत येतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, जणू माणूस रंगेहाथ सापडला. सामाईक मीटरवरची वीज एकट्याने वापरू नये, हे शंभर टक्के मान्य. पण मागणी ती नाहीच. प्रत्येक फ्लॅटचा मीटर खाली मीटररूममध्ये आहे. तिथून माझ्या खर्चाने, माझ्या मीटरमधून, माझ्या पार्किंगच्या जागेपर्यंत पाइपातून वायर नेली, तर बिल माझ्या नावाने येईल आणि सोसायटीचा एक पैसाही जाणार नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे, की वाहनमालक आपल्या घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. भिंतीला चार क्लॅम्प मारायची परवानगी तेवढी तुमच्याकडून हवी.

काही समित्यांनी वेगळा मार्ग काढला: सामाईक मीटरवरून वीज घ्या आणि महिन्याला सरसकट हजार रुपये भरा. सव्वा युनिट गुणिले पंचवीस करून पाहा. तीस-बत्तीस युनिटं होतात. हजार कशाचे? आणि जो महिनाभर गावी गेला त्यानेही हजारच भरायचे? सब-मीटर लावला की हा वाद संपतो. पंपाची पाच अश्वशक्तीची मोटर तासाभरात जेवढी वीज खाते, तेवढ्यात तीन स्कूटरींचा दिवस निघतो. तरी पंपाच्या बिलावर कोणी सभेत उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. यावर एका सचिवांनी मला ऐकवलं, "सोसायटीला वीज विकता येत नाही, परवाना लागतो." हे ऐकायला भारदस्त आहे, पण एप्रिल २०१८ मध्येच ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला आहे, की गाडीची बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, आणि त्याला परवाना लागत नाही. हा कागद तुमच्या फाइलीत लावून ठेवा, कामाला येईल.

दुसरी तक्रार आगीच्या भीतीबद्दलची, आणि इथे मी घाईने बोलणार नाही, कारण भीती खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल, पुढेही पाठवला असेल. कंपनीने पुढच्या महिन्यात त्या खेपेतल्या १,४४१ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. एप्रिलमध्ये निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून एका वृद्धाचा जीव गेला. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला इमारतीच्या तळघरात विजेच्या स्कूटरींची शोरूम होती, वर लॉज होतं. आग खालून लागली आणि धुराने वरची आठ माणसं गेली. हे आठवून एखाद्या अध्यक्षांची झोप उडत असेल, तर मी त्यांना भित्रे म्हणणार नाही.

पण या घटना नीट वाचा. निजामाबादची बॅटरी घरात होती. सिकंदराबादेत गाड्या बंदिस्त तळघरात होत्या आणि माणसं त्यांच्या डोक्यावर झोपलेली होती. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला, डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा आणि मार्चअखेर २०२३ पासून दुसरा. एक सेल तापला तर शेजारचे पेटू नयेत, पाणी आत शिरू नये, बिघाड आधी कळावा, यासाठीच्या अटी त्यात आल्या. आग अशक्य झाली असं मी म्हणत नाही. पण बॅटरी कुठे आणि कशी चार्ज होते, यावर बरंच ठरतं, आणि ते ठरवणं तुमच्या हातात आहे. तुम्ही पार्किंगमध्ये प्लग नाकारला म्हणून कोणी गाडी विकत नाही. ज्याची बॅटरी निघते तो ती पिशवीत घालून लिफ्टने वर नेतो आणि हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, रात्रभर चार्जिंगला लावून झोपतो. तळमजल्यावरचा धोका तुमच्या नकाराने चौथ्या मजल्यावर, झोपलेल्या पोराबाळांजवळ पोचला. ज्याची बॅटरी निघत नाही तो गॅलरीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडतो. आमच्या शेजारच्या विंगमध्ये अशी वायर पावसाळाभर लोंबत होती, जोड काळ्या टेपने बांधलेला, तळाशी बोर्ड, त्यावर झाकण म्हणून दह्याचा रिकामा डबा. तिच्या खालून मुलं सायकल चालवायची. तुम्ही ती पाहिली नाही असं नाही. पाहून 'विनापरवाना वायर काढून टाकावी' अशी नोटीस लावली. परवाना मागितला तेव्हा मात्र उत्तर मिळालं नव्हतं.

तिसरी तक्रार तुम्ही देता त्या लोडच्या कारणाबद्दलची: इमारत जुनी, केबल जुनी, झेपणार नाही. काही इमारतींबाबत हे खरं आहे आणि तिथे आधी वायरिंग तपासायलाच हवं. पण स्कूटरचा चार्जर साधारण सातशे-आठशे वॉटचा असतो. तुमच्या-माझ्या न्हाणीघरातला गीझर दोन हजार वॉटचा, आणि सकाळी सहा ते आठ ते सगळ्या इमारतीत एकदम चालू असतात. दहा स्कूटरी रात्री बारानंतर लावल्या तर तीन-चार गीझरांएवढाच भार, तोही अशा वेळी जेव्हा बाकी सगळं बंद असतं. मोटारी येतील तेव्हा लोडचा प्रश्न खरोखर उभा राहील. तेव्हा मी स्वतः तुमच्या बाजूने सभेत बोलेन, आणि महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करायला तुमच्याबरोबर रांगेतही उभा राहीन.

भाडेकरूंबद्दल थोडक्यात. या गाडीचा सगळ्यात जास्त उपयोग ज्याला आहे, तो हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणारा भाड्याने राहणारा मुलगा किंवा मुलगी, आणि त्यांनाच पहिलं 'नाही' ऐकावं लागतं. "मालकाला विचारा," तुम्ही म्हणता. मालक दुबईत. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असं सरकारला एकदा ठरवून द्यावं लागलं, ते कशामुळे, हे आपण सगळे जाणतो. प्लगच्या बाबतीत ती वेळ येऊ देऊ नका.

एका बाबतीत मात्र तुम्ही आहात त्याहून कडक व्हावं, असं मला वाटतं. ज्या गाड्यांची मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, त्यांना नोंदणी लागत नाही, नंबरप्लेट नसते, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. आजोबांना भाजीमंडईपर्यंत जायला ही सोय चांगली आहे. पण काही विक्रेते याच गाड्यांची वेगमर्यादा काढून देतात आणि मग ती बिननंबरी गाडी चाळीसने धावते. मे २०२२ मध्ये परिवहन आयुक्तालयाला त्यांच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली होती. अशी छेडछाड केलेली गाडी, तिला बाजारातून आणलेली स्वस्तातली बॅटरी आणि भलताच चार्जर, हे मिश्रण माझ्या गाडीशेजारी रात्रभर चार्जिंगला नको. हिरव्या नंबरप्लेटच्या गाडीचं आरसी मागा. बिननंबरी गाडी असेल तर चाचणी संस्थेच्या मान्यतेचा कागद मागा. तो कमी वेगाच्या गाडीलाही लागतो. ज्याच्याकडे नाही त्याला खुशाल नाही म्हणा. नोंदणी झालेल्या आणि खेळण्यासारख्या गाड्यांना एकाच दोरीत बांधून सगळ्यांनाच नाकारणं सोपं आहे, पण त्याने कोणीच सुरक्षित होत नाही.

मग मागायचं काय? वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच व्हावं, त्याचा दाखला सोसायटीत जमा व्हावा. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग असावं. पंधरा अँपिअरचं सॉकेट, कुलपाच्या डब्यात. जागा उघड्या पार्किंगमध्ये, जिन्यापासून, मीटररूमपासून आणि गॅसच्या पाइपापासून लांब असावी. बंदिस्त तळघर असेल तर तिथे पॉइंट देऊ नका, मी स्वतः हट्ट धरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड बंद, आणि अपघातात आदळलेली किंवा पुरात बुडालेली गाडी कंपनीकडून तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हे लेखी असू द्या. मोडणाऱ्याला दंड करा. खर्च ज्याचा त्याने करायचा. ज्यांची जागा मीटररूमपासून फार लांब आहे, त्यांच्यासाठी सामाईक मीटरवरून दोन-तीन पॉइंट सब-मीटरसह काढले तर बिल महिन्याच्या मेंटेनन्समध्ये युनिटांप्रमाणे लागेल. आणि जो पेट्रोलचीच गाडी चालवतो, त्याच्यावर यातला एक रुपयाही पडू नये, हे ठरावातच लिहा. त्याचा विरोध मावळेल, कारण त्याची खरी भीती बहुधा तेवढीच असते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्या नोटिशीत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात नको. त्या सदरात गेलेला विषय चहा-सामोशांबरोबर संपतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्याला स्वतःचा क्रमांक द्या. सभेला एखादा वायरमन बोलवा, म्हणजे लोडवर आणि अर्थिंगवर आपण दोघांनीही अंदाजाने बोलायला नको. ठराव नामंजूर झाला तर मी तो मानेन, पण नामंजुरीचं कारण इतिवृत्तात लिहा, शब्दशः, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह. ते वाचून आमच्यातला एखादा घर बदलेल, एखादा गाडी विकेल, एखादा निबंधकांकडे जाईल. निदान "पुढच्या सभेत पाहू" ऐकत वायरी लोंबकळत ठेवण्याची वेळ कोणावर येणार नाही.



आपला नम्र,
विजेची स्कूटर असलेला आणि मेंटेनन्स वेळेवर भरणारा एक सभासद
कर्वेनगर, पुणे